खाण दाखवायची तर पंप बंद करण्याआधी ठरवा

संपादक महोदय,

एखादी भूमिगत खाण बंद झाली की 'आता इथे पर्यटन सुरू करा' ही सूचना आलीच म्हणून समजा. सूचना वाईट नाही. पोलंडमधली व्येलिच्काची मिठाची खाण, वेल्समधली बिग पिट ही कोळसा खाण, स्वीडनमधली फालुनची तांब्याची खाण, या सगळ्या ठिकाणी ते झाले आहे आणि चांगले झाले आहे. पण सूचनेमागोमाग जो आराखडा येतो त्यात कमान, उपाहारगृह, रंगीत दिवे आणि खाणकामगाराचा पुतळा असतो. पंप, पंखा, छत आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता हे शेवटच्या पानावर 'आवश्यक त्या सुरक्षा उपाययोजना करण्यात येतील' एवढ्यात उरकलेले असतात. खाणीचा जवळजवळ सगळा खर्च आणि सगळा धोका त्या एका ओळीत आहे. ती ओळ जरा उलगडून सांगावी म्हणून हे पत्र.

आधी वेळेचे. उत्पादन थांबले की महिन्याभरात वीज तोडली जाते, पंप निघतात, केबल आणि रूळ भंगारात जातात. पर्यटनाची कल्पना सुचते ती चार-पाच वर्षांनी. तोवर खाण तशीच राहिलेली नसते. पाणी रोज थोडे थोडे चढते. तळाची शेल, म्हणजे चिकणमातीचा थरांचा दगड, भिजून मऊ होते, पिलरचा, म्हणजे छत पेलायला न तोडता सोडलेल्या खांबाचा, पाया त्यात रुततो, लाकडी प्रॉप, म्हणजे टेकू, कुजतात. मग कोणीतरी म्हणते, पाणी उपसून टाकू. उपसताना दुसरे नुकसान होते: पाण्याचा जो दाब दगडाला आतून टेकू देत होता तो निघून जातो, आणि भिजलेले छत पाण्याच्या पातळीमागोमाग खाली येऊ लागते. शिवाय साचलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असू शकतो. पाणी ढवळले की तो सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो हे खरे, पण १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भाग हवेत १०० भागांच्या, पुढे नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

बिग पिटमधले उत्पादन १९८० मध्ये थांबले आणि १९८३ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मध्ये तीनच वर्षे गेली. यंत्रे जागेवर होती, आणि कोणते छत कुठे 'बोलते', म्हणजे पडण्याआधी कुरकुरते, हे ठाऊक असलेली माणसे वाटाड्या म्हणून मिळाली. उलट कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्यांची खोली ३ किलोमीटरहून जास्त. उपसा थांबल्यावर खालची कामे पाण्यात गेली. तिथे आता जे काही दाखवता येईल ते वरचे. म्हणून खाण दाखवायची की नाही हा निर्णय बंद करण्याच्या आराखड्यातच हवा, पंपाचे बटण बंद करण्याआधी.

आता पंपाचा हिशेब, कारण तो कोणीच मांडत नाही. खाणीत मिनिटाला १००० लिटर पाणी झिरपते आणि ते १०० मीटर वर फेकायचे आहे असे धरू. नुसते पाणी उचलायला १६ किलोवॉट लागतात; पंप, मोटर आणि पाइपातली घट धरून २५. ही मोटर चोवीस तास, बाराही महिने चालते, म्हणजे दिवसाला ६०० युनिट. पंख्याने सेकंदाला २० घनमीटर हवा ५०० पास्कल दाबाने ओढायची तर घट धरून आणखी १६ किलोवॉट, म्हणजे पावणेचारशे युनिट. दिवसाला हजाराच्या आसपास युनिट, एकही तिकीट फाटण्याआधी. शिवाय एक राखीव पंप, एक जनरेटर, आणि वीज गेल्यावर संप, म्हणजे तळाचा पाणी साठवायचा खड्डा, किती तासांत भरतो याचे मोजलेले उत्तर. जर्मनीतल्या रुर भागातली शेवटची कोळसा खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, तरी तिथले पंप थांबलेले नाहीत आणि थांबणारही नाहीत. पाण्याचा हा उपसा कायमचा आहे असे गृहीत धरून त्यासाठी वेगळा निधी उभारलेला आहे. पर्यटनाच्या उत्पन्नातून पंप चालेल असे जिथे लिहिलेले दिसेल तिथे पुढे वाचायची गरज नाही.

जिथे खाण डोंगराच्या पोटात आहे आणि अॅडिट, म्हणजे बाहेरच्या दिशेने किंचित उतार असलेला बोगदा आहे, तिथे पाणी आपोआप वाहून जाते. अशी खाण मिळाली तर अर्धी लढाई जिंकली. चर दर पावसाळ्याआधी उपसावी लागते एवढेच. दगडात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे खनिज, असेल तर पाणी आम्ल आणि गेरूच्या रंगाचे येते. ते तसेच ओढ्यात सोडता येत नाही, चुनखडीच्या टाक्यांतून न्यावे लागते, आणि टाक्यांत बसलेला लोखंडी गाळ काढण्याचे काम संपत नाही.

नकाशाबद्दल. खाण सोडताना केलेला शेवटचा सर्व्हे प्लॅन हा या सगळ्या कामाचा पाया, आणि नेमका तोच बहुतेक वेळा अपुरा असतो. शेवटच्या सर्व्हेची तारीख आणि उत्पादन थांबल्याची तारीख यांत सहा महिन्यांचे अंतर असेल, तर त्या सहा महिन्यांतली तोड कागदावर नाही. आणि शेवटच्या महिन्यांत तोड कुठे होते? पिलरमध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये नऊ जण तीन दिवसांहून जास्त काळ अडकले होते, कारण शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचा अंतिम नकाशा त्यांच्या हाती नव्हता आणि तिच्यात साठलेले पाणी फुटून आत आले. ते वाचले. धनबादजवळच्या चासनाळा कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या कामांतले पाणी खाली घुसले तेव्हा ३७५ जण गेले. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब देतो. शेजारच्या कामात ६० मीटर पाणी उभे असेल तर मधल्या आडभिंतीवर ६ किलो. त्यामुळे शेजारच्या खाणीही तपासायच्या, फक्त आपली नाही. जुन्या प्लॅनवरची उत्तर दिशा चुंबकीय, म्हणजे होकायंत्राची, असते आणि ती तेव्हापासून सरकलेली आहे. मापे फुटांत किंवा साखळी या जुन्या मापात असतात. लेझर स्कॅनने आजची पोकळी मोजायची, ती प्लॅनवर ठेवायची, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे वरून बोअर मारून खात्री करायची. नुसते स्कॅन पुरत नाही, कारण भिंतीमागे काय आहे ते लेझरला दिसत नाही.

हवेवर थोडे सविस्तर लिहावे लागेल.

स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. बंद खाणीत कुजणारे लाकूड, गंजणारे लोखंड, पायराइट आणि खुद्द कोळसा तो खात राहतात. उरते ती ब्लॅकडॅम्प: नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण. वास नाही, रंग नाही. मेणबत्ती १६-१७ टक्क्यांवर विझते, पण बॅटरीचा दिवा लखलखीतच राहतो, म्हणून हल्ली माणूस जुन्या काळापेक्षा पुढे जाऊन पडतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो खड्ड्यात आणि उताराच्या तळाशी बसतो. मिथेन हलका, तो छताच्या खोबणीत. एकाच गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, मापक छातीच्या उंचीवर धरून 'सर्व ठीक' लिहिणारा तपासनीस दोन्ही चुकवतो. मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो, आणि साडेनऊच्या आसपास सर्वांत वाईट.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही: खाण श्वास घेते. वातावरणाचा दाब चढला की बाहेरची हवा जुन्या, बंद केलेल्या भागांत ढकलली जाते. वादळाआधी दाब उतरला की गोफमधला, म्हणजे कोळसा काढून सोडून दिलेल्या भागातला वायू स्टॉपिंगच्या, म्हणजे तो भाग बंद करायला घातलेल्या भिंतीच्या, फटींतून खाणीतल्या रस्त्यावर येतो. सकाळी स्वच्छ असलेली गॅलरी दुपारी तशी नसते. त्यामुळे खाणीच्या ऑफिसात हा दाब मोजणारा बॅरोमीटर हवा, आणि तो झपाट्याने उतरत असेल तर त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द करण्याचा अधिकार शिफ्टच्या माणसाला हवा, तिकीटखिडकीला विचारल्याशिवाय.

'नैसर्गिक वारा पुरेल' असा एक सल्ला मिळतो. दोन तोंडे वेगवेगळ्या उंचीवर असतील तर थंडीत हवा एका दिशेने वाहते आणि उन्हाळ्यात उलट्या. मधल्या काळात बाहेरचे आणि आतले तापमान सारखे झाले की वारा थांबतो. कधी थांबेल ते पंचांगात नसते. पंखा लागतोच, आणि तो पहिली तुकडी उतरण्याआधी निदान तासभर चालू हवा. कोळशाची खाण असेल तर याच्या उलट बाजूचाही धोका आहे. सील केलेला भाग उघडून ताजी हवा आत सोडली की आत निवत आलेली धग पुन्हा पेट घेते. म्हणून आधी सीलमधल्या नळीतून नमुने घ्यायचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्राणवायूच्या तुटीशी शेकडा प्रमाण काढायचे. खाणीत याला ग्रॅहम रेशो म्हणतात. अर्ध्याच्या आत असेल तर साधारण ठीक, १ च्या वर काळजी, २ च्या वर सील तसेच ठेवून परत फिरायचे. हा एकच नमुना नको, आठवड्यांची मालिका हवी.

रेडॉनचा, म्हणजे खडकातून झिरपणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, उल्लेख आला की लोक पर्यटकांची चिंता करतात. पर्यटक तासभर आत असतो. वाटाड्या दिवसाला सहा फेऱ्या आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर दीड हजार तास. जागतिक आरोग्य संघटनेची राहत्या जागेसाठीची शिफारस घनमीटरला १०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्साराचे माप) आहे, आणि ते जमत नसेल तर निदान ३०० ओलांडू नये. ग्रॅनाइटमधल्या धातूच्या खाणी हा आकडा सहज मागे टाकतात. उपाय पुन्हा पंखाच. आणि वाटाड्यांच्या नावे डोसमापक.

आता धूर. इथेच बहुतेक आराखडे नापास होतात. हवा आत येते त्या रस्त्याला इनटेक म्हणतात, वापरलेली हवा बाहेर जाते त्याला रिटर्न. पर्यटकांना ताजी हवा हवी म्हणून मार्ग इनटेकमध्ये आखतात, ते बरोबर. आणि त्याच इनटेकच्या तोंडाशी उपाहारगृह, विजेचे पॅनेल, बॅटरीगाडीचे चार्जिंग आणि प्लायवूडचे दालन उभारतात. तिथे आग लागली तर सगळा धूर पंखाच ओढून माणसांच्या अंगावर नेतो. गॅलरी ४.८ मीटर रुंद, ३ मीटर उंच आणि त्यातून सेकंदाला २० घनमीटर हवा जात असेल तर तिचा वेग मिनिटाला ८० मीटरच्या पुढे जातो. मुले आणि म्हातारी माणसे असलेली तुकडी चढावर मिनिटाला ३० मीटर चालली तरी खूप. धूर जिंकतो. म्हणून पेटण्यासारखे सगळे रिटर्नच्या बाजूला किंवा तोंडापासून पुरेसे दूर. बॅटऱ्या जमिनीवरच चार्ज करायच्या, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. केबल कमी धूर करणाऱ्या आवरणाची, साधी पीव्हीसी नाही. आणि थर्माकोलचे खडक, फायबरचे पुतळे, कापडी पडदे यांना आत बंदी. खाणीत खरा खडक असताना खोटा खडक कशाला न्यायचा, हे आम्हाला तरी कळलेले नाही.

मार्गाची लांबी प्रेक्षणीय काय आहे यावर ठरत नाही, सुटकेवर ठरते. पट्ट्याला लावायचा सेल्फ-रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेतून निसटण्यासाठीचे श्वासाचे यंत्र, दोन प्रकारचा असतो. गाळणीचा प्रकार कार्बन मोनॉक्साइड अडवतो, पण प्राणवायू देत नाही. ब्लॅकडॅम्पमध्ये त्याचा उपयोग शून्य. रासायनिक प्रकार प्राणवायू तयार करतो, साधारण ३० मिनिटे. मिनिटाला ३० मीटर या चालीने कागदावर ९०० मीटर होतात. त्यातला अर्धा वेळ घाबरण्यात, मूल शोधण्यात आणि तोंडातली नळी नीट बसवण्यात जातो असे धरायचे, कारण आत येणारा श्वास गरम लागतो आणि सराव नसलेला माणूस 'यंत्र बिघडले' म्हणून ते काढून टाकतो. म्हणजे कोणत्याही बिंदूपासून ताज्या हवेचा दुसरा रस्ता किंवा आसरा-खोली ४५० मीटरच्या आत हवी. आसरा-खोलीत पाणी, ब्लँकेट, फोन आणि दाबाखालच्या हवेची स्वतंत्र लाइन. ४५० मीटर कमी वाटत असतील तर व्येलिच्काचा आकडा पाहावा: तिथे बोगद्यांची एकूण लांबी २४५ किलोमीटरच्या आसपास, आणि पर्यटकांचा मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटर. खाण ३२७ मीटर खोल, पण पर्यटक १३५ मीटरच्या खाली जात नाही. लाखो लोक तेवढे पाहून खूश होऊन परततात.

शाफ्टमधून, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीतून, केजने, म्हणजे दोरावरच्या पाळण्याने, उतरण्यात थरार आहे हे मान्य. पण केजमध्ये १२ माणसे मावतात आणि चढ-उतारासह एक खेप ६ मिनिटांची असेल, तर प्रत्येकी १५ पाहुणे आणि दोन वाटाडे अशा चार तुकड्या, म्हणजे ६८ माणसे, वर काढायला सहा खेपा आणि ३६ मिनिटे लागतात. सेल्फ-रेस्क्यूअर ३० मिनिटांचा. तेव्हा एक तुकडी कमी करा किंवा दुसरा रस्ता काढा. तिसरा मार्ग नाही. शाफ्टलाच काही झाले तर तेही गणित राहत नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या सूदान लोखंड खाणीच्या शाफ्टमध्ये मार्च २०११ मध्ये आग लागली. कोलोरॅडोत क्रिपल क्रीकच्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत ऑक्टोबर २०२४ मध्ये केज बिघडली, एक वाटाड्या दगावला आणि तळाशी १२ जण काही तास अडकून राहिले. वाइंडरचा, म्हणजे केज ओढणाऱ्या यंत्राचा, दोर, ब्रेक, केजची अतिधाव रोखणारे यंत्र, केजचे दरवाजे यांची रोजची तपासणी आणि तिची सही केलेली नोंद हवी. चालू खाणीत होती तेवढीच, तसूभर कमी नाही. इन्क्लाइन, म्हणजे तिरका उतरता बोगदा, असेल तर इन्क्लाइनच वापरावी आणि शाफ्ट दुसरा रस्ता म्हणून ठेवावा. चाकाच्या खुर्चीसाठी १२ ला १ हून तीव्र उतार चालत नाही आणि इन्क्लाइन बहुधा ४ किंवा ५ ला १ असते, त्यामुळे दोरावरची डबागाडी पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरावी.

छताबद्दल. १०० मीटर खोलीवर वरच्या दगडाचे ओझे चौरस सेंटिमीटरला साधारण २५ किलो असते. ६० टक्के खनिज काढून घेतले की उरलेल्या ४० टक्क्यांवर ते ६० च्या पुढे जाते. १२ मीटरचा चौकोनी पिलर चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर झडला तर डोळ्याला फारसा फरक दिसत नाही, पण क्षेत्रफळ १४४ वरून १२१ चौरस मीटर होते, म्हणजे १६ टक्के गेले. सगळ्यांत कमकुवत जागा चौफुलीची, म्हणजे दोन गॅलऱ्या एकमेकींना छेदतात तिथली. गॅलरी ४.८ मीटर रुंद असली तरी चौफुलीत कर्णाचा पल्ला ६.८ मीटर होतो. आणि वाटाडे पाहुण्यांना माहिती सांगायला उभे करतात ते नेमके चौफुलीत, कारण तिथे ऐसपैस असते! थांबे पिलरलगत, गॅलरीच्या मध्यावर काढावेत.

जुन्या रूफ बोल्टवर, म्हणजे छतात भोके पाडून रोवलेल्या लोखंडी सळ्यांवर, विसंबू नये. आम्लयुक्त ओलीने बोल्ट दगडाच्या आत गंजतो आणि बाहेरची प्लेट ठीकठाक दिसते. काही बोल्ट ओढून पाहायचे; एक जरी कमी भारात निघाला तर त्या भागात नव्याने बोल्टिंग, साधारण १.८ ते २.४ मीटर लांब, सिमेंट किंवा रेझिनने पूर्ण लांबीभर पकडलेले, सव्वा ते दीड मीटरच्या अंतराने, वर जाळी. सैल पापुद्रे काढण्याचे काम, खाणीतले ड्रेसिंग, रोज सकाळी. लोखंडी पहारीने छत वाजवायचे: टणटणीत आवाज आला तर घट्ट, भदभद आला तर मागे पोकळी आहे. जिथे शंका तिथे टेल-टेल बसवायचे. बोल्टच्या वर अँकर केलेल्या तारेला हिरवा, पिवळा, लाल पट्टा असतो आणि छत सरकले की पट्टे एकेक करून दिसेनासे होतात. गंमत म्हणजे हे पाहुण्यांना दाखवले तर ते पुतळ्यांपेक्षा जास्त रमतात. फालुनला १६८७ मध्ये मधल्या भिंती इतक्या पातळ झाल्या होत्या की खाणीचा मोठा भाग एकदम बसला. सण होता, आत कोणी नव्हते. तो प्रचंड खड्डा आज तिथले मुख्य आकर्षण आहे. कोलंबियात सिपाकिराच्या मिठाच्या खाणीतले १९५४ चे भूमिगत चर्च असुरक्षित ठरल्यावर डागडुजीत वेळ न घालवता ते बंद केले आणि खालच्या थरात नवे कोरून १९९५ मध्ये उघडले. जिथे छत साथ देत नाही तो भाग सोडून द्यावा, कितीही देखणा असला तरी.

ओल हा छताचा छुपा शत्रू. बाहेर ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत २० अंश, अशी स्थिती असेल तर आत ओढलेल्या दर घनमीटर हवेतून सुमारे ७ ग्रॅम पाणी सुटते. सेकंदाला २० घनमीटर या हिशेबाने दिवसाला १२ हजार लिटर, म्हणजे एक टँकर, पहिल्या काहीशे मीटरांत छतावर आणि भिंतींवर जमतो. शेल त्याने फुगते आणि पापुद्रे सोडते. म्हणूनच तोंडाजवळचा भाग सगळ्यांत आधी झडतो, आणि म्हणूनच दमट दिवसांत पंखा कमी वेगावर चालवता येईल अशी सोय हवी, पण वायूची मर्यादा राखून. दारे नेहमी दोन, एका तुकडीच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर, म्हणजे दोन्ही एकदम उघडी राहत नाहीत. मिठाच्या खाणीत तर माणसांचा श्वासही मोजावा लागतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरू लागते. चालणारा माणूस तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. हजार माणसे दोन तास राहिली की २०० लिटर. व्येलिच्का १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली आणि १९८९ मध्ये ओलीमुळे झिजणाऱ्या कोरीव कामामुळे धोक्यातल्या वारशांच्या यादीत. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसल्यावर १९९८ मध्ये ती त्यातून बाहेर आली.

दिव्यांबद्दल एवढेच की ते टायमरवर असावेत, नाहीतर वर्षभरात दिव्याभोवती हिरवे शेवाळ धरते. वटवाघळे असलेले जुने तोंड भिंत घालून बुजवू नये. आडव्या गजांची जाळी, गजांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे ती उडून जातात आणि माणूस अडतो.

रोजची शिस्त चालू खाणीचीच. लॅम्प रूममध्ये प्रत्येकाला हेल्मेट, कॅप लॅम्प, सेल्फ-रेस्क्यूअर आणि दोन टोकन. एक फळ्यावर, एक खिशात. वर आल्यावर फळा रिकामा झाल्याशिवाय शिफ्ट संपत नाही. बिग पिट आजही कोळसा खाणीच्या नियमांखाली आहे, म्हणून ९० मीटर खाली जाण्याआधी पाहुण्यांकडून मोबाइल, बॅटरीची घड्याळे आणि काडेपेटी काढून घेतात. सेल्फीशिवाय पर्यटन चालणार नाही असे म्हणणाऱ्यांनी तिथली रांग पाहावी.

आणि एखाद्या खाणीत वायू जास्त, छत वाईट आणि दुसरा रस्ता नाही असे निघाले, तर तिथे खाली न्यायचा हट्ट सोडावा. जर्मनीतल्या बोखुमच्या खाण संग्रहालयाखाली, जेमतेम २० मीटरवर, मुद्दाम बांधलेली नकली खाण आहे. तिथे कधीच कोळसा निघाला नाही. खरी यंत्रे, खरा आवाज, खरा अंधार. जमिनीवरचे हेडगिअर, म्हणजे शाफ्टवरचा चाकांचा मनोरा, वाइंडर हाउस, लॅम्प रूम आणि पंख्याचे घर जपले तरी पुष्कळ काही दाखवता येते. बहुतेक ठिकाणी भंगारवाला आधी पोहोचतो तो इथेच.

असा प्रकल्प जाहीर करणाऱ्यांकडून तिकीट विक्रीआधी तीन कागद मागावेत. शेवटचा सर्व्हे प्लॅन आणि त्यावर आजचे स्कॅन. पूर्ण एका वर्षाच्या, पावसाळ्यासकट, वायू, पाणी, छताची हालचाल आणि बॅरोमीटरच्या नोंदी. आणि सुटकेच्या तालमीचा अहवाल: पूर्ण संख्या आत, त्यात मुले आणि वयस्क, मुख्य दिवे बंद, पहिला रस्ता बंद, हातात स्टॉपवॉच, आणि ही तालीम कोणत्या दिवशी होणार हे वाटाड्यांना न सांगता.

आपले,
भूमिगत खाणकाम, सर्व्हे आणि वायुवीजन या कामांतले काही अभियंते